वाकीकरणीचा माग

समजा, तुमच्या हातात एक नट ठेवला आणि सांगितलं, याचा माग काढा. चाकणच्या कुठल्याही बऱ्या कंपनीत तुम्ही चार वर्षं काढली असतील, तर हातातला चहा निवायच्या आत हे काम होतं. नटावर बॅच नंबर असतो. बॅचवरून हीट नंबर मिळतो, म्हणजे हे पोलाद कुठल्या भट्टीतून कधी ओतलं ते कळतं. मशीनवर कोण होतं, तपासलं कुणी, सही कुणाची, सगळं निघतं. एवढासा नट, पण त्याचं अख्खं खानदान कागदावर हजर.

आता समजा, नटाऐवजी तुम्हाला एक बाई शोधायची आहे. तुमच्या आईची आई. ती जाऊन पाऊणशे वर्षं झाली. तिला जाळलं नव्हतं, पुरलं होतं, एवढं नक्की. फोटो नाही. थडग्यावर दगड असेल तर तो कुठला, ते माहीत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव असण्याचा प्रश्नच नाही. तुमच्याकडे आहे एक म्हातारी आई, जी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची एक जाहीर नोटीस, जी म्हणते की गावची जुनी दफनभूमी महिनाअखेर सपाट करून तिथं ट्रकतळ होणार. कुणाचे पूर्वज तिथं असतील तर त्यांनी पुराव्यासह अर्ज करावा.

कुठून सुरुवात कराल?

नागसेन ओव्हाळांनी कागदांपासून सुरुवात केली. तिथंच ते चुकले. पण ज्या माणसाने तीस वर्षं एका फोर्जिंग कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी केली, त्याला हे कोण सांगणार? कागद नसलेला माल म्हणजे माल नव्हे, हे त्यांचं ब्रीद. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी त्यांना शाल, नारळ आणि ‘रिजेक्ट’ असं लिहिलेला एक लाल शिक्का दिला होता. थट्टेत दिला, पण साहेबांनी तो दिघीच्या घरात शोकेसमध्ये मानानं मांडून ठेवला.

नोटीस त्यांनीच आईला वाचून दाखवली होती. सहज. केसरबाई तेव्हा शेंगा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“कुरनगावची मसनवट व्हय रे?”

“हो. तुझ्या माहेरची.”

“तितं माजी आय हाय.”

केसरबाईंनी आयुष्यात मागणं असं काही केलं नव्हतं. आई गेली, बापाने दुसरं केलं, चुलतीनं सांभाळलं, चौदाव्या वर्षी लग्न होऊन दिघीला आल्या. नवऱ्याची पिंपरीतल्या कंपनीची शिफ्ट, चार पोरं, मग नातवंडं. लहानपणी चुलती त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. नंतर वेळ कुणाला होता? आता ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी पहिल्यांदा लेकाला काहीतरी मागितलं.

“मला काय पूजाबिजा करायची न्हाई. त्या गोष्टी आपन सोडल्यात. एकदा तिच्यापाशी बसायचंय फकस्त. मग करा म्हनावं गाड्यांचा तळ.”

“दोन दिवसांत काढतो बघ,” असं नागसेन म्हणाले. हे वाक्य नंतर त्यांना पुष्कळ दिवस टोचत राहिलं.

कुरणगावच्या ग्रामपंचायतीत त्यांना सांगितलं, जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं तालुक्याला गेली. तालुक्याला सांगितलं, ते गाव तेव्हा शेजारच्या तालुक्यात होतं, तिकडं जा. शेजारच्या तालुक्यात एक बाई म्हणाल्या, होतं खरं, पण गाव तुमच्याकडं गेलं तेव्हा त्याचं दप्तरही तिकडंच गेलं. “कुणी सांगितलं हो तुम्हाला इकडं यायला?” नागसेननी सांगितलं. बाई हसल्या. “ते सगळ्यांना इकडंच पाठवतात.”

चाकणच्या चौकातली ती वाहतूक तुम्हाला माहीत आहेच. त्या कोंडीत दुचाकीवर, पुढं कंटेनर आणि मागं कंटेनर अशा अवस्थेत, नागसेन हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत असत. बाजूच्या रिक्षावाल्याने एकदा विचारलं, “ब्लूटूथ कुठलं वापरता हो काका?”

शेवटी तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज घेणारा माणूस सापडला. दिग्विजय नावाचा तरुण कारकून. कक्षाबाहेर ही झुंबड. सध्या ज्याला त्याला पणजोबा हवा होता, तोही अमुक सालाच्या आधीचा, सहीशिक्क्यासकट. नागसेनचा नंबर लागला तेव्हा दिग्विजयने मान वर न करता विचारलं,

“जात पडताळणी?”

“नाही.”

“वारसनोंद?”

“नाही.”

“कोर्ट मॅटर?”

“नाही हो.”

आता त्याने मान वर केली. “मग कशासाठी, काका?”

“आजीला कुठं पुरलंय ते बघायचंय.”

दिग्विजयने पेन खाली ठेवलं. “असं कारण आपल्याकडं नाही.”

“नाही म्हणजे?”

“अर्जावर तीन कारणं छापलीत. चौथं नाही.”

“मग खाली ‘इतर’ लिहा.”

“‘इतर’ला साहेबांची परवानगी लागते. साहेब बैठकीला गेलेत.”

“कधी येतील?”

“बैठक संपली की.”

मागचा एक जण कळवळला. “काका, वारसनोंद लिहा ना राव! सगळे तेच लिहितात. आम्ही काय इथं मुक्काम करायचा का?”

“खोटं कसं लिहू?”

“तुम्ही वारसच ना तिचे? मग खोटं काय त्यात?”

रांग हसली. नागसेन हसले नाहीत. ज्या हाताने कधी चुकीच्या चेक-शीटवर सही केली नाही, तो हात चुकीच्या कारणावर टिक कसा करेल? त्यांनी नाही म्हटलं, साहेबांची वाट बघितली, आणि साहेब थेट पुढल्या आठवड्यात उगवले. नोटिशीतला महिना तेवढ्या वेळात अर्ध्यावर आला.

घरी वेगळीच आघाडी. लेक मैत्री पिंपळे सौदागरला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. रविवारी ती आली ती वंशावळीचं अ‍ॅप घेऊनच.

“पप्पा, यात एकदा नाव टाकलं की झाड आपोआप तयार होतं. हे बघ आजी, ही तू. तुझ्यावर तुझे वडील, भैरू. आणि इथं तुझी आई. नाव सांग.”

केसरबाईंनी फोनमधल्या रिकाम्या चौकोनाकडं पाहिलं. “आय.”

“अगं आजी, नाव.”

“आयच म्हनत व्हते मी. पाच वर्साचं पोर आयला नावानं हाक मारतं व्हय?”

“बाकीचे काय म्हणायचे?”

“वाकीकरीन.”

वाकीची म्हणून वाकीकरीण. सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखायचं, ही सगळ्या गावांची रीत. मैत्रीने ते टाकून पाहिलं. अ‍ॅपने आडनावही मागितलं. मैत्रीने फोन ठेवून दिला.

नागसेनचा संयम अशा वेळी पातळ होई. “आई, जरा आठव ना. रेशनकार्डावर, कुठं, कुणाच्या तोंडून...”

“मी सांगत्येय ते तू ऐकतोस का? वढा वलांडून नेली तिला. चुलतीनं मला वढ्याच्या अलीकडंच धरून ठिवलं. मी लई वरडले. मानसं परत आली, तर म्होरल्या मानसाच्या हातात सूप. राळं टाकीत येत व्हता वाटंनं.”

राळे म्हणजे ते मोहरीएवढ्या दाण्याचं जुनं धान्य. नागसेननी ते ‘काहीतरी विधी’ म्हणून मनातल्या मनात बाजूला सारलं. ओढ्याची गोष्ट मात्र त्यांना सहन होईना. त्यांनी फोनवर उपग्रहाचा नकाशा काढून आईच्या नाकासमोर धरला.

“हे बघ. ही दफनभूमी. हा ओढा. हे गाव. दफनभूमी ओढ्याच्या अलीकडं आहे. गावातून तिथं जायला ओढा लागतच नाही. मग ओलांडला कसा?”

“तू व्हतास का तितं?”

“नकाशा आहे ना!”

“नकाशा व्हता का तितं?” केसरबाई शांतपणे शेंगा सोलत म्हणाल्या. “माज्या म्हायेरच्या कस्तुराला इचार. हाय ती अजून. माज्यापरास चार-पाच वर्सांनी मोठी.”

“आई, तोंडी पुरावा चालत नाही.”

“मग म्या कशी चालते तुला? म्या सगळी तोंडीच हाय.”

मैत्री हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली. नागसेन गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोर लष्कराच्या हद्दीचं कुंपण, त्यापलीकडं माळ. एवढी जमीन जागच्या जागी ठेवता येते माणसांना, आणि माझ्या आजीला साडेतीन हात ठेवता येत नाहीत, असं काहीबाही त्यांच्या डोक्यात येत राहिलं.

परवानगी मिळाली. लाल रुमालात बांधलेली दप्तरं टेबलावर आली. रुमाल सोडला की धूळ, आणि धुळीच्या आत मोडी. एकही अक्षर कळेना. कक्षाच्या बाहेर झाडाखाली अण्णासाहेब नावाचे निवृत्त शिक्षक मोडी वाचून देत. त्यांच्याकडं पुन्हा रांग. अण्णासाहेब कामाला बसत ते दुपारी जेवणानंतर, एक डुलकी झाल्यावर.

अण्णासाहेबांनी आत टेबलाशी बसून भिंग फिरवलं. त्यांच्या बोटाखालून कुरणगावचे मेलेले एकामागून एक सरकत गेले.

“हं. भैरू महादू.” आडनावाच्या जागी तेव्हा जात लिहीत, ती त्यांनी वाचली नाही, नुसतं बोट पुढं नेलं. “हे तुमचे आजोबा?”

“हो, हो! पुढं?”

“भैरू महादू याची बायको. वय अदमासे बावीस. कारण, ताप.”

“नाव?”

“तेच वाचलं ना. भैरू महादू याची बायको.”

“अहो, पण तिचं नाव?”

“नाही लिहिलेलं.”

“असं कसं नाही? पाटलाचा बैल मेला तर त्याचीसुद्धा नोंद...” नागसेननी दप्तर स्वतःकडं ओढलं. “आणि ताप कसला?”

“तापावर जाऊ नका. हे बघा, वर ताप, खाली ताप, मागल्या पानावर सगळा तापच. लिहिणाऱ्याला एक शब्द येत होता, अख्खं गाव त्या शब्दात मेलं. पुरलं कुठं, ते लिहायची रीतच नव्हती.” अण्णासाहेबांनी भिंग पुसलं. “पुष्कळांचं असंच निघतं हो. बायकांची नावं सापडायला लागली की मी स्वतः पेढे वाटीन.”

तरीही नोंद ती नोंद. नागसेननी नक्कल घेतली, नोटिशीत लिहिलेल्या कार्यालयात अर्ज जोडला. चौथ्या दिवशी तो परत आला. त्यावर एक ओळ होती, ‘मयताचे नाव नमूद नसल्याने अर्ज अपूर्ण’, आणि ओळीखाली शिक्का. लालच.

ज्यांनी तीस वर्षं लोकांचा माल परत पाठवला, त्यांना आपला माल परत आल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. ते घरी आले, चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही, सरळ शोकेसमधला तो थट्टेचा शिक्का काढला आणि कपाटाच्या वर फेकला.

केसरबाई बघत होत्या. “झालं समाधान?”

“नाही.”

“मग चल आता कस्तुराकडं. पांढरं लुगडं नको, ते निळं काढ माजं.”

गाडी मैत्रीने पाठवली. केसरबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी “हितं काय व्हतं ठावं हाय का?” असं विचारून स्वतःच उत्तर देत होत्या. शेडी, पत्रे, कामगारांच्या खोल्यांच्या रांगा, बिर्याणीचे बोर्ड. त्यांच्या लेखी तिथं अजून ज्वारी होती.

कस्तुराबाई नव्वदीच्या आसपासच्या. लेकाने जुन्या घराच्या जागी तीन मजले चढवून खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्या खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून भाडेकरूंच्या चपला मोजल्यासारख्या बघत असत. केसरबाईंना पाहून त्या उठल्या नाहीत.

“आता आलीस व्हय? मी मेल्यावर यायचं, निवांत.”

“तू मेली अस्तीस तर कशाला आले असते?”

दोघी इतक्या हसल्या की कस्तुराबाईंना ठसका लागला. मग बराच वेळ कोण कोण गेलं याची उजळणी झाली. नागसेन घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी फाईल उघडली.

“मावशी, हा दफनभूमीचा नकाशा. आमची आजी, वाकीकरीण, यात साधारण कुठल्या बाजूला असेल? पूर्वेला की...”

कस्तुराबाईंनी फाईलकडं पाहिलंसुद्धा नाही. “केसरे, ह्यो तुजा ल्योक वाकीकरनीला त्या मसनवट्यात शोधतोय? तितं कशाला असंल ती?”

“म्हणजे?”

“बाळंतीन व्हती ना ती. बाळंतपनात गेली. पोरबी गेलं. तसल्या बाईला चारचौघांत पुरीत न्हवते बाबा. वढ्यापल्याड न्हेत, करंजाच्या बनात. एकटीला.”

नागसेनच्या हातातला नकाशा तसाच राहिला. ओढा ओलांडला होता. आई पहिल्या दिवसापासून सांगत होती. चांगला माल त्यांनी नकाशा दाखवून रिजेक्ट केला होता.

“आन् राळं?” केसरबाईंनी विचारलं. “वाटंनं टाकीत आले ते?”

कस्तुराबाई जरा घुटमळल्या. “जाऊ दे ना. आडानी व्हती मानसं.”

“सांग.”

“अगं, बाळंतीन मेली की तिचा जीव पोरात ऱ्हातो, ती घराकडं माघारी येती, असं म्हनायचे. म्हनून वाटंवर राळं टाकायचं. ती आली तर एक एक दाना येचीत बसंल. बारीक दाना. येचून संपायच्या आत उजाडंल, आन् तिला घर गाठता यायचं न्हाई. दुसऱ्या राती पुन्यांदा पैल्यापास्नं.”

केसरबाईंचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. गल्लीत कुणी लिंबू-मिरची बांधली की त्या स्वतः तोडून टाकायच्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी भोजपुरी गाणं लावलं, बंद केलं.

“म्हंजी ती माज्यासाठी आली असती,” तरी त्या म्हणाल्या, “आन् ह्यांनी तिला दानं येचाया बशिवलं.”

कस्तुराबाईंनी पदराने नाक पुसलं आणि आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

“मावशी, तिचं नाव काय होतं?” नागसेननी निघताना विचारलं. सवयीने.

“वाकीकरीन.”

“ते गाव झालं हो. नाव.”

“मला काय ठावं? आमी पोरी केसरची आय म्हनायचो. म्हाताऱ्या वाकीकरीन म्हनायच्या. भैरूमामा तर बायकोचं नाव घ्यायचा न्हाई, नुस्ता ‘अगं ए’. लग्नात सासूनं नाव बदललं असंल, ते येगळंच. त्यो जमानाच तसला.”

करंजाचं बन ओढ्यापल्याड होतं, म्हणजे आता एका मोठ्या कंपनीच्या भिंतीच्या आत. गाडीचे सुटे भाग बनतात तिथं. भिंतीवरून करंजाचे शेंडे दिसत होते. झाडं राखावी लागतात म्हणून ओढ्याकडची तेवढी पट्टी कंपनीने तशीच ठेवली होती, आणि त्यावर ‘हरित पट्टा’ अशी पाटी लावली होती.

गेटवर सुरक्षारक्षक होता, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. त्याने गाडी अडवली.

“कुणाला भेटायचंय?”

नागसेननी सवयीने फाईल उघडली.

“नाव सांगा ना काका. कुणाला भेटायचंय त्यांचं नाव, डिपार्टमेंट. त्याबिगर पास निघत नाही.”

“आयला भेटायचंय,” मागून केसरबाई म्हणाल्या.

“आजी, इथं कामाला हायत का त्या?”

“न्हाई रे. तू व्हायच्या आदीपास्नं हितंच हाय.”

रक्षकाने नागसेनकडं पाहिलं. नागसेन पहिल्यांदा, त्या सगळ्या महिन्यात पहिल्यांदा, हसले. हसता हसता त्यांचे डोळे जळजळले. मग त्यांनी फोन काढला. त्यांच्या हाताखाली शिकलेला नवनाथ इथं मेंटेनन्सला होता.

“सर! अचानक?” नवनाथने ऐकून घेतलं, मध्ये एकदा “अरे बापरे” म्हणाला. “काढतो पास, सर. पण कारण काय टाकू? सिस्टिममध्ये मीटिंग, मटेरिअल आणि ऑडिट, तीनच ऑप्शन आहेत.”

पुन्हा तीन. तालुक्याच्या कक्षाबाहेरचा तो कळवळलेला माणूस नागसेनना आठवला.

“ऑडिट टाक.”

“नक्की, सर? तुम्ही तर...”

“टाक म्हणतो ना. क्वालिटी ऑडिट.”

केसरबाईंच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या. “आता माज्या डोक्यावर काय पडायचं ऱ्हायलंय?” असं त्या म्हणाल्या, पण हेल्मेट काढलं नाही. नवनाथ पुढं, मध्ये ऐंशी पार केलेल्या ऑडिटर, मागं नागसेन, अशी ती वरात फोर्कलिफ्टच्या पिवळ्या पट्ट्यांवरून हरित पट्ट्याकडं गेली. दोन-तीन कामगारांनी अदबीने वाट दिली. ऑडिट म्हटल्यावर कुणीही देतं.

करंजाखाली गारवा होता. पलीकडं ओढा, म्हणजे सिमेंटच्या नाल्यातून जाणारं काळपट पाणी. नागसेन इकडून तिकडं फिरले. दगड नाही, उंचवटा नाही. बुलडोझर इथवर आला असेल की नाही, कोण सांगणार.

“आई, नेमकी जागा नाही सांगता येणार. इथंच कुठंतरी.”

“असू दे. येवढं मागं-म्होरं चालतंय.”

टॉलरन्स, नागसेनच्या मनात आलं. कुठलंच माप तंतोतंत नसतं, किती चूक चालवून घ्यायची ते आधी ठरवावं लागतं. हे ते नव्या पोरांना दर वर्षी शिकवत आले होते.

केसरबाई खाली बसल्या. हात जोडले नाहीत. मातीवर तळवा ठेवला. मग बसल्या बसल्या त्या खाली पडलेल्या करंजाच्या शेंगा एक एक करून वेचायला लागल्या आणि ओच्यात टाकायला लागल्या. नवनाथ पाठ फिरवून फोन बघत उभा राहिला. कॅन्टीनचा भोंगा झाला, लोक गेले, लोक परत आले. कुणी उठवलं नाही.

ट्रकतळाच्या अर्जाचं काय करायचं, याचा विचार नागसेन करत होते. आजी तिथं नसली तरी भैरू तिथं होता, कस्तुराबाईंची माणसं होती. भैरूच्या नावाने अर्ज केला असता तर पहिल्याच दिवशी घेतला असता. त्याचं नाव, बापाचं नाव, सगळं होतं. उद्या करायचा, असं त्यांनी ठरवलं. आणि मग यातून सुटका. तो कक्ष, ते रुमाल, ती धूळ पुन्हा आयुष्यात बघायची नाही.

“नागसेन.”

“काय गं?”

“कागदात तिचं वय अदमासे बावीस हाय, म्हनलास ना?”

“हो. बावीस.”

“म्हंजी आपल्या मैत्रीपरास ल्हान की रे.” केसरबाईंनी हेल्मेट मागं सरकवलं. “मी आपली जन्मभर तिला म्हातारीच समजत आले. आय म्हंजी मोठीच वाटती ना. पोरगी व्हती ती. मी तिला आय म्हनले, ते बरोबर. गावानं वाकीकरीन म्हनलं. बापानं ‘अगं ए’. पन त्याच्या आदी?”

नागसेनना पुढचं कळून चुकलं. वाकी म्हणजे चाकणजवळचीच. वाकी बुद्रुक एक, वाकी खुर्द एक. पुन्हा तालुका, पुन्हा दिग्विजय, पुन्हा ‘इतर’. आणि जन्माच्या रजिस्टरात काय असतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अमक्याची मुलगी, तमक्याची मुलगी. पानंच्या पानं नुसत्या मुली. त्यांनी कपाळाला हात लावला.

“आई, अगं, ते लिहिलेलंच नसणार कुठं!”

“लिव्हलंय का, असं कुठं इचारत्येय मी?” केसरबाईंनी ओच्यातल्या शेंगा सावरल्या. “वाकीत, सांजच्याला, तिची आय दारात उभी ऱ्हाऊन तिला घरात बोलवीत असंल ना? तवा काय म्हनून हाक मारीत असंल रे?”